धानाच्या मुलखांतील जोडारी

गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं दोन गांवें आहेत, आणि दोन्हीही तालुक्याचीं ठिकाणें आहेत. नवख्या मनुष्याची गफलत होऊं नये म्हणून एकीस 'अर्जुनी मोरगांव' म्हणतात व दुसरीस 'सडक अर्जुनी'. ही सडक म्हणजे नागपुराहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गानें रायपुराकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता. पहिल्या अर्जुनीस आगगाडी लाभली, दुसरीस सडक. सडक अर्जुनीच्या मनुष्यास आगगाडीच धरावयाची असेल तर त्यास सौंदडच्या स्टेशनावर जावें लागतें. हा फरक वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु गेल्या शंभर-सवाशें वर्षांत या मुलखांत जें जें यंत्र आलें तें या दोन वाटांपैकींच कोणत्या तरी एका वाटेनें आलें, आणि यंत्राच्या पेटीमागून एक मनुष्यही आला. त्या मनुष्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें.

त्यास कोणत्या नांवानें हांक मारावी हाच पहिला प्रश्न. सरकारी प्रशिक्षणसंस्थांच्या पाटीवर त्यास 'जोडारी' म्हटलेलें असतें. शब्द चांगला आहे, परंतु व्यवहारांत तो सहसा कोणी उच्चारीत नाहीं. कारखान्यांत तो 'फिटर' असतो आणि गांवांत 'मिस्त्री'. पैकीं 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ उस्ताद किंवा गुरु असा आहे. एका धंद्यास तीन नांवें; एक इंग्रजांचें, एक फिरंग्यांचें आणि एक सरकारी भाषांतरकारांचें! घरचें असें एकही नाहीं. हें साहजिकच म्हटलें पाहिजे. आमच्या बलुतेदारींत लोहार होता, सुतार होता. परंतु नांगराचा फाळ ज्यानें घडविला त्यानेंच तो बसवावयाचा, अशी रीत होती. दुसऱ्यानें, दूर देशीं केलेले शेंकडों भाग एकत्र आणून ते एकमेकांत असे बसवावयाचे कीं ते केंसाइतकेही न घांसतां फिरावे, हा स्वतंत्र धंदा होण्यास तसें यंत्रच आधीं जन्मावें लागलें.

याचा अर्थ आमच्याकडे सूक्ष्म मापाची दृष्टि नव्हती असा मात्र कोणी करूं नये. सडक अर्जुनीपासून फार दूर नसलेला नवेगांव बांध ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधविला अशी परंपरा आहे. कोहळी समाजानें या भागांत अशीं असंख्य तळीं बांधलीं व त्यांचें पाणी पाटांनीं धानाच्या बांद्यांत खेळविलें. जमिनीचा उतार त्यांनीं पाण्यालाच विचारून घेतला. आजच्या फिटरच्या पेटींत जी पाणसळ असते तिचें तत्त्व तें याहून निराळें नाहीं.

आतां यंत्रयुगाच्या मूळ पेठेकडे क्षणभर वळूं. जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्राची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांनीं घरोघरीं पोंचविली आहे. परंतु वॅटची कल्पना कांहीं वर्षें कशामुळें अडून बसली होती हें तीं पुस्तकें बहुधा सांगत नाहींत. त्यास खरा गोल सिलिंडर करून देणारा मनुष्य भेटेना. आंतला दट्ट्या व बाहेरची भिंत यांच्या फटींतून वाफ निसटून जाई. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सननें तोफा कोरण्याच्या विद्येवरून सिलिंडर कोरण्याचें यंत्र रचलें, आणि पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरांत जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढीही चूक राहिली नाहीं म्हणून वॅटचा भागीदार बोल्टन यास धन्यता वाटली! आज एखाद्या पोरसवदा फिटरनें एवढी चूक केली तर त्यास काम सोडून जावें लागेल.

शिलिंगाच्या जाडीपासून केंसाच्या जाडीपर्यंतचा प्रवास हेन्री मॉड्स्ले आणि त्याच्या कारखान्यांत तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ या दोघांच्या नांवाशीं निगडित आहे. व्हिटवर्थनें १८४१ सालीं मळसूत्राच्या आट्यांचें माप सर्वत्र एकच असावें अशी योजना मांडली, आणि तेव्हांपासून एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटांत बसूं लागला. परंतु त्याची मला याहूनही मनोरम वाटणारी गोष्ट ती तीन पाट्यांची. पूर्ण सपाट अशी लोखंडी पाटी करावयाची आहे, आणि ताडून पाहण्यास दुसरी सपाट पाटी जगांत नाहीं. मग करावें काय? दोनच पाट्या एकमेकींवर घांसल्या तर एक किंचित् फुगीर व दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या एकमेकींत बेमालूम बसतील आणि आपली फसगत होईल. म्हणून पाट्या तीन घ्याव्या. पहिलीस रंग लावून ती दुसरीवर ठेवावी, जेथें रंग लागेल तो उंचवटा पोलादी खरवडणीनें खरवडावा. मग दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. तिघी आळीपाळीनें एकमेकींशीं जुळल्या कीं तिघीही सपाट झाल्याच पाहिजेत, कारण फुगीर पाटीशीं खोलगटच जुळते, आणि तिघींपैकीं प्रत्येक दोघींत एक फुगीर व एक खोलगट असणें अशक्य आहे. भूमितीचा हा सिद्धांत कागदावर नव्हे, हातानें सिद्ध होतो. माझ्या महाविद्यालयांतील तर्कशास्त्राच्या वर्गास मीं हें उदाहरण अनेकदां सांगितलें आहे, एकदां एका मुलानें विचारलें, "सर, आपण कधीं खरवडून पाहिलें आहे काय?" पाहिलें नव्हतें.

असो. विलायतेंत तयार झालेलें यंत्र पेट्यांतून मुंबईस येई, आणि तें उभें करण्यास मनुष्यही तिकडूनच येई. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सुताच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ त गिरणी सुरू झाली. तिला माणसें व यंत्रें दोन्ही इंग्लंडांतून आणावीं लागलीं. तथापि येथल्या हातांस ही विद्या येत नव्हती असें नाहीं. गोलकचंद्र नांवाच्या बंगाली लोहारानें १८२८ सालीं, गोऱ्या माणसाच्या मदतीशिवाय, वाफेचें एक लहान यंत्र करून कलकत्त्याच्या प्रदर्शनांत मांडलें व त्यास पन्नास रुपये बक्षीस मिळालें. मुंबईचे अर्देशिर करसेटजी वाडिया हे तर १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. वाडियांस कीर्ति मिळाली आणि गोलकचंद्रास पन्नास रुपये. त्या लोहाराचें पुढें काय झालें हें कोणी लिहून ठेवलें नाहीं.

आमच्या मध्यप्रांतांत ही विद्या आली ती मुख्यतः नागपुरामार्गें. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोंचली. जमशेटजी टाटांनीं मुंबई सोडून येथें गिरणी काढावयाचें ठरविलें तेव्हां पुष्कळांनीं त्यांस वेड्यांत काढलें. एका सावकारानें, दलदल बुजविण्यासाठीं सोनें मातींत घालणाऱ्यास आपण पैसा देणार नाहीं, असें म्हणून कर्ज नाकारल्याची कथा प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं, ज्या दिवशीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस 'एम्प्रेस' ही पदवी जाहीर झाली त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली आणि तिचें नांव एम्प्रेस मिल पडलें. व्यवस्थेस बेझनजी मेहता हे रेल्वेंतले अनुभवी गृहस्थ, व यंत्रांस जेम्स ब्रूक्स्बी हा लँकेशायरचा जाणता मनुष्य.

या गिरणींतील एक प्रकरण आमच्या विषयास फार महत्त्वाचें आहे. 'रिंग' जातीची चाती तेव्हां नवीन होती, व इंग्लंडांतील जुन्या कारखानदारांचा तिच्यावर विश्वास नव्हता. टाटांनीं १८८३ च्या सुमारास तशा चात्या नागपुरास आणवून चालवून पाहिल्या, आणि लँकेशायरनें जी गोष्ट हातचें राखून घेतली ती नागपुरानें धडाडीनें घेतली. चरित्रकार येथें टाटांच्या दूरदृष्टीची स्तुति करतात आणि तें रास्तच आहे. परंतु मिनिटाला हजारों फेरे घेणारी चाती म्हणजे काय, याचा विचार चरित्रकार करीत नाहींत. तिची धुरी किंचित् वांकडी असली तर सूत तुटतें, तिला तेल कमी पडलें तर ती जळते, आणि अशा हजारों चात्या एका छपराखालीं अहोरात्र थरथरत असतात. त्यांच्यामधून हातांत पाना व तेलाची झारी घेऊन फिरणारा जो मनुष्य, त्याच्या कानावर ती दूरदृष्टि उभी होती. १८८६ सालींच या गिरणीनें कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला, हें तिच्या चालकांस भूषणावह आहे. सुमारें सव्वाशें वर्षांनीं, २००२ सालीं, गिरणीचीं दारें कायमचीं बंद झालीं. ब्रूक्स्बीचें नांव मला पुस्तकांत सांपडलें. त्याच्या हाताखालीं पहिल्यानें कानस धरणाऱ्या एकाही नागपूरकराचें नांव सांपडलें नाहीं.

नागपुराच्या पूर्वेस सूत नाहीं, धान आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगांवास जाऊन भिडली, पुढें ती बंगाल-नागपूर रेल्वेनें घेऊन रुंद केली. आणि १९०८ च्या सुमारास गोंदियाहून दक्षिणेस नागभीडकडे अरुंद रुळांचा फांटा निघाला. गोंदिया जंक्शन झालें, व धानाचा बाजार तेथें आपोआप गोळा झाला. तोंपर्यंत धान कांडण्याचें काम घराघरांत उखळ-मुसळावर किंवा पायानें दाबावयाच्या ढेंकीवर चाले, आणि तें बहुधा बायकांच्या वाट्यास येई. त्यांच्या जागीं जें यंत्र आलें त्याचा जनक ब्राझीलमधील एव्हारिस्तो एंगेलबर्ग. कॉफी सोलण्याच्या खटपटींतून त्यानें १८८५ च्या सुमारास तें बनविलें आणि अमेरिकेंतील सिरॅक्यूस येथील कारखान्यानें तें जगभर पोंचविलें. आमच्याकडे त्यास 'हलर' म्हणतात. रचना अगदीं साधी आहे. बिडाच्या आडव्या नळकांड्यांत कंगोरे असलेला एक बिडाचाच रूळ फिरतो, खालीं भोकांची जाळी, बाजूस मागेंपुढें करतां येणारी पोलादी पट्टी. एका तोंडानें धान घालावें. दाणे एकमेकांवर, रुळावर आणि पट्टीवर घांसून सोलले जातात. तूस आणि कोंडा भुगा होऊन जाळींतून गळतात व दुसऱ्या तोंडानें तांदूळ बाहेर पडतो. पट्टी जवळ आणली तर कनी फार पडते, दूर नेली तर तांदळांत धान राहतें. त्या पट्टीची जागा ठरविणें ही मिस्त्रीची विद्या, आणि ती पावसाळी धानास एक, उन्हांत वाळलेल्यास दुसरी, अशी बदलणारी.

माझ्या लहानपणीं, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीं, आमच्या घराजवळ अशी एक गिरणी होती. एकाच मोठ्या चाकावरून लांब आडव्या दांड्यास गति मिळे आणि त्या दांड्यावरून पट्टे निरनिराळ्या यंत्रांवर उतरलेले असत. हंगामाच्या ऐन भरांत एके दिवशीं दांड्याचें एक बेअरिंग तापून वितळलें. बाहेर सडकेवर धानाच्या गाड्यांची रांग लागलेली. गिरणीवाल्यानें साकोलीकडून मिस्त्री आणविला. साठीकडे झुकलेला, बुटका, उजव्या हाताचीं दोन बोटें पेऱ्यांतून तुटलेला. तीं पट्ट्यांत गेलीं होतीं असें मागाहून कळलें. त्यानें जें केलें तें मीं गिरणीच्या ओट्यावर बसून दिवसभर पाहिलें, आणि आज त्यांतील शास्त्र वाचल्यावर तें मला अधिकच नीट दिसतें.

प्रथम त्यानें जुना धातु खरडून काढला. दिव्याची काजळी धरून दांड्यावर दाट लावली, म्हणजे नवा धातु त्यास चिकटूं नये. मग दांडा ओळंब्यानें व पाणसळीनें जागेवर आणून दोन्ही बाजूंच्या फटी ओल्या मातीनें लिंपल्या. लोहाराच्या भात्यावर पळींत धातु वितळविला. हा मऊ पांढरा धातु अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं काढला, आणि मिस्त्री त्यास 'बाबीट' म्हणत असे. तो पुरेसा तापला कीं नाहीं हें पाहण्यास त्यापाशीं कसलेंही यंत्र नव्हतें. त्यानें एक वाळलेली काडी धातूंत बुडविली. ती काळी पडली, पण पेटली नाहीं. तेव्हां त्यानें मान हालविली आणि एका दमांत, मध्यें धार न तोडतां, सारा धातु ओतला. निवाल्यावर दांड्यास निळा रंग चोपडून तो फिरवून पाहावयाचा, रंग लागेल तेथें खरवडावयाचें, पुन्हां फिरवावयाचें. व्हिटवर्थनें तिन्ही पाट्यांस जें केलें तेंच हा मनुष्य सडकेच्या कडेला, कंदिलाच्या उजेडांत, दांड्यास करीत होता. शेवटीं वरचें झांकण बसवितांना त्यानें मजकडे पाहून म्हटलें, "बाबू, तुझ्या वहीचे दोन कागद दे." भूगोलाच्या वहीचीं दोन पानें मीं फाडून दिलीं. तीं कापून त्यानें झांकणाच्या दोन्ही कडांखालीं घातलीं. गिरणीवाल्यास तो म्हणाला, "मालक, पुढच्या सालीं घासलं तर एक एक कागद काढजा. मले बलवाचं काम नाई." वहींतलें पान फाडल्याबद्दल दुसऱ्या दिवशीं शाळेंत मला छड्या बसल्या.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे, कारण तो आमच्याच शेजारीं, वर्ध्यास, मांडला गेला. १९३४ सालीं गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. भाताच्या गिरण्यांस संघाचा स्पष्ट विरोध होता. गिरणी दाण्यावरील पौष्टिक कोंडा काढून टाकते आणि हातकांडण करणाऱ्या गरीब बायकांचा रोजगार बुडविते, हे दोन्ही मुद्दे खोटे नव्हते. सडलेला पांढरा तांदूळच खाणाऱ्यांस बेरीबेरी होतो, याचा शोध डच वैद्य आइकमान यानें जावा बेटांत कोंबड्यांवरून लावला होता, आणि त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला होता. मीं विद्यार्थिदशेंत कुमारप्पांचे विचार वाचले आणि सुटींत घरीं येऊन आजीपुढें ढेंकीची महती गाऊं लागलों. तिनें सर्व ऐकून घेतलें व म्हणाली, "तूं दाब मग उद्या पहांटे." कोंड्याच्या बाबतींत कुमारप्पा बरोबर होते असेंच मी अजूनही समजतों. ढेंकीविषयीं मात्र, जिनें ती चाळीस वर्षें दाबली तिचें मत मला अधिक जड वाटतें. या वादांत मिस्त्रीस कोणीच विचारलें नाहीं. त्याच्या पट्टीच्या एका फिरकीवर कोंडा किती राहावा हें अवलंबून होतें. तांदूळ कमी सडावा अशी मागणी असती तर तसाही तो त्यानें काढून दिला असता.

पुढें हलरचे दिवसही भरले. १९५८ सालीं भात-गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला, आणि त्यानंतरच्या काळांत हळूहळू रबरी रुळांचीं यंत्रें आलीं. दोन रबरी रूळ एकमेकांविरुद्ध, पण कमीअधिक वेगानें फिरतात आणि त्यांच्या कातरींतून दाणा न मोडतां तूस सुटतें. कोंडा मग वेगळ्या यंत्रांत काढतात. कनी कमी पडते. प्रत्येक यंत्रास स्वतःची विजेची मोटार आली, छताखालचा तो लांब दांडा व पट्टे गेले, आणि त्यांबरोबर बोटें जाण्याचें भयही पुष्कळ कमी झालें. याबद्दल कोणासही हळहळ वाटूं नये. बेअरिंग ओतावें लागत नाहीं. तें डब्यांतून, छापील आंकड्यासह येतें. जुनें काढावें, नवें ठोकावें. जोडारीचें काम बदललें आहे. पूर्वीं तो भाग घडवीत असे, आतां कोणता भाग बिघडला हें तो ओळखतो. हें ओळखणें हलकें काम नव्हे, आणि तें अद्यापि बरेंचसें कानानेंच होतें.

शिक्षणाची तऱ्हाही पालटली. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तीन वर्षांनीं बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं कलाभवन काढलें व तेथें देशी भाषांतून यंत्रविद्या शिकवावी असा आग्रह धरला. ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें रेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढें बेळगांवीं सायकली दुरुस्त करूं लागले आणि १९१० सालीं औंधकरांनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ही कथा मराठी वाचकांस इतकी ठाऊक आहे कीं ती येथें पुन्हां सांगत नाहीं. परंतु खेड्यांतल्या मुलास ही विद्या मिळूं लागली ती १९५० नंतर, सरकारी कारागीर-प्रशिक्षणाची योजना निघाल्यावर. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें कारखान्यांस अशीं मुलें घेणें भाग पडलें. त्यापूर्वीं मिस्त्रीचा मुलगाच मिस्त्री होई, किंवा ज्यास कोणी उस्ताद जवळ करील तो. प्रवेशाचा कागद लिहितां येणें एवढ्यानें तें दार उघडलें, ही माझ्या मतें या इतिहासांतील सर्वांत मोठी घटना आहे. आणि आमच्या विद्वान मंडळींनीं तिची दखल जवळजवळ घेतलेली नाहीं.

त्या मिस्त्रीचा शोध मीं मोठेपणीं केला होता. तो वारला होता. त्याची पेटी भंगारांत गेली, खरवडणी मात्र घरांत भाकरीचा तवा खरवडावयास ठेवली होती. ती मीं मागितली नाहीं. अशा लोकांच्या दुरुस्तीच्या वह्या, गिरण्यांच्या खर्डेवह्यांतील मिस्त्रीच्या मजुरीच्या नोंदी, जुन्या यंत्रांवरील कारखान्यांचीं नांवें कोणी तरुण अभ्यासकानें गोळा केलीं तर या जिल्ह्याचा एक नवाच इतिहास उभा राहील. हें काम फार दिवस थांबणारें नाहीं, कारण बीड किलोवर विकलें जातें.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या भागांतील एका प्रशिक्षणसंस्थेंत जाण्याचा योग आला. जोडारीचा वर्ग होता. आतां गणकयंत्रावर चालणारे लेथ आले आहेत, तेव्हां कानस कशाला, असें मला वाटलें होतें. परंतु पहिल्या वर्षाचीं मुलें शेगड्यांत लोखंडाचे तुकडे धरून कानशीच घांशीत होतीं. त्यांस एक चौकोनी तुकडा करावयाचा होता, आणि तो दुसऱ्या पत्र्यांत कापलेल्या चौकोनी खांचेंत चारही बाजूंनीं फिरवून बसला पाहिजे अशी अट होती. सडक अर्जुनीकडच्या एका मुलानें आपला तुकडा पुढें केला. निदेशकांनीं गुण्या लावून तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. एका कोपऱ्याशीं उजेडाची बारीक रेघ दिसली. त्यांनीं तो खांचेंत बसवून दाखविला. पहिल्यानें बसला, दुसऱ्यानें बसला, तिसऱ्यानें जरा दाबावा लागला, चौथ्यानें अडला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें तुकडा पुन्हां शेगड्यांत धरला, त्यावर खडू चोळला आणि कानस उचलली.